कोचीच्या किल्ल्याला हळदकुंकू

आमच्या घरी पाहुणा आला की तो आधी सोफ्यावर बसत नाही, भिंतीपुढे उभा राहतो. भिंतीवर ना लग्नाचा फोटो, ना डोंगरदऱ्या. नुसती बंदरं. दीव, गोवा, नागपट्टण, पाँडिचेरी, मलाक्का, अशी सगळी तटबंदीची शहरं. कधीकाळी युरोपातल्या कुणा कारागिरानं ती तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरली, रेघांत शाई भरली आणि जाड कागदावर दाबून छापली. प्रत्येकात तट, तटाला टोकदार बुरूज, बुरुजांवर तोफा आणि समोर शिडं फुगवून उभी जहाजं. लोक गणपती जमवतात, हत्ती जमवतात. आमच्या ह्यांनी किल्ले जमवले, तेही परक्यांचे.

आणि हे सगळं कुठं, तर बंगळुरात. महादेवपुऱ्यातल्या आठव्या मजल्यावर, जिथून खिडकीबाहेर आयटी पार्कांच्या काचा आणि पाण्याचे टँकर तेवढे दिसतात. ह्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आलं आणि इथंच मुरलं. घोड्यावरून आले, कचेऱ्यांत टेकले, पुढं इंजिनियर झाले. समुद्राशी कुणाचा काडीचा संबंध नाही. हे स्वतः मंगळुरूला गेले तेव्हा लाट अंगावर येते म्हणून पाण्याकडे पाठ करून उभे राहिले होते, आणि मी बेळगावची, मला मेलं हसू आवरेना. समुद्राची एवढी भीती तर बंदरं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "नकाशातला समुद्र हलत नाही."

या नकाशांपायी झालेल्या गमती सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. शेजाऱ्यांकडे देवनहळ्ळीचा एक प्लॉटवाला यायचा. शेतं विकत घ्यायची, रस्ते आखायचे, लेआउट म्हणून विकायची, हा त्याचा धंदा. एकदा चुकून आमची बेल वाजवली आणि आत आला तो पाँडिचेरीसमोर खिळलाच. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, चहूबाजूंनी भिंत, बाहेर पाणी. हे कुठलं लेआउट, मंजुरी मिळाली का आणि कॉर्नर साइट शिल्लक आहे का, असं त्यानं अगदी आदरानं विचारलं. मला वाटलं आता ह्यांचा पारा चढणार. छे! उलट खूश झाले. कुणीतरी आपणहून विचारतंय याचाच आनंद. त्याला बसवून त्यांनी बुरूज तिरके का बांधतात इथपासून सुरुवात केली. बिचारा दोनदा उठला, दोनदा बसला. मी कॉफी देऊन सोडवला तेव्हा कुठं लिफ्टकडे पळाला.

थोडक्यात, आयुष्यभर ह्यांचं हे वेड कुणी मनावर घेतलं नाही. ऑफिसात हसायचे, नातेवाईक हसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायची. फक्त एक माणूस हसला नाही, त्या म्हणजे अक्का.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. ह्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा अक्कांनीच ह्यांना वाढवलं, शिकवलं, लग्नाच्या बोहल्यावर उभं केलं. स्वतः लग्न केलं नाही. होसकोट्याच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथंच एकट्या राहिल्या. ह्यांना अजून तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. साठी ओलांडलेला तम्मा! दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, तेव्हा नाकदुऱ्या काढून काढून आम्ही त्यांना इकडं आणलं. आल्या त्या अट घालूनच. ज्या दिवशी आपण या घरात जड झालो असं वाटेल, त्या दिवशी होसकोट्याला परत. कुणी अडवायचं नाही. बाई बोलतात तसं करतात, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे घरात एक काळजी कायम असायची. त्या खुब्यानिशी त्या एकट्या तिथं राहिल्या आणि परत पडल्या तर उचलायला कोण होतं? शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांची सवय झाली होती. सकाळची कॉफी त्यांच्याशी वाद घातल्याशिवाय मला गोड लागत नाही.

मागच्या वर्षी ह्यांचं नशीब उघडलं. शहरात जुन्या नकाशांच्या हौशी लोकांची एक लहानशी मंडळी आहे, त्यांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि ह्यांना एक नकाशा आणायला सांगितलं. एकच, पण उत्तमातला उत्तम. हे दोन दिवस जमिनीवर नव्हते. कुठला न्यायचा यावर जेवताना चर्चा, झोपताना चर्चा. शेवटी कोची ठरली.

कोची हा ह्यांचा जीव की प्राण. भिंतीवर लावायलाही त्यांचं मन होत नव्हतं. कपाटात सपाट पेटीत, पातळ कागदाखाली ठेवलेला. डचांनी बांधलेला किल्ला, खाडी, चर्च, मिरीची कोठारं, आणि काठाला नारळाची झाडं. ती झाडं कोरणाऱ्यानं नारळ कधी पाहिलेला नसणार, कारण उलट्या रोवलेल्या केरसुण्यांसारखी दिसतात. पण ह्यांना त्याचं मोल वेगळ्याच गोष्टीसाठी. असे नकाशे छापून यायचे ते काळेपांढरे. मग कुणीतरी हातानं त्यात रंग भरायचं, तट गुलाबी, पाणी निळं, झाडं हिरवी. कधी छापल्या छापल्या, कधी शंभर वर्षांनी विक्रीसाठी. हा रंग मूळचा की नंतरचा, यावर ही मंडळी तासन्‌तास भांडू शकतात. आमच्या कोचीला रंगाचा ठिपका लागलेला नव्हता. कोऱ्या कागदावर नुसती काळी रेघ, जशी पत्र्यावरून उतरली तशी. "इतक्या वर्षांत कुणी हात लावला नाही," असं हे सगळ्यांना सांगायचे. एक खोट होती. वरचा उजवा कोपरा फाटून गेलेला. म्हणून तर आम्हाला परवडला होता.

प्रदर्शन रविवारचं. शुक्रवारी सकाळी ह्यांनी कोची बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर पसरली, कारण दुपारी फ्रेमवाला माप घ्यायला यायचा होता. पंखा बंद केला, मला कॉफीचा कपसुद्धा टेबलाजवळ आणायला बंदी केली आणि आंघोळीला गेले. मी खाली भाजी आणायला गेले. अक्का देवपूजा करत होत्या.

मी परत आले तेव्हा हे टेबलापाशी पंचा गुंडाळून उभे होते आणि डोक्यावरून पाणी निथळत होतं. मी पिशवी तिथंच ठेवून बघितलं. अगं बाई! कोचीच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. चांगली ओली बोटं, लग्नपत्रिकेला लावतात तशी. खाली दोन्हीकडे लावलेलं, वर डावीकडे लावलेलं, आणि जिथं कोपरा फाटला होता तिथं फाटलेल्या कडेवर हळदीचं ठसठशीत बोट, त्याच्याखाली कुंकवाचं. कागद तेवढ्यात ओलसर होऊन फुगला होता.

अक्का शेजारीच होत्या, हातात पंचपात्र. चेहऱ्यावर चूक केल्याचा भाव अजिबात नव्हता. उलट काम उरकल्याचं समाधान.

ह्यांनी आयुष्यात अक्कांवर आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. हळूच बोलले, पण असं बोलले की मलाच चटका बसला. "अक्का, तुला यातलं काय कळतं म्हणून हात लावलास?"

अक्कांनी पंचपात्र खाली ठेवलं. पदराला हात पुसले. "सरी," म्हणाल्या, म्हणजे कानडीत बरं, आणि आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला आणि मग बॅगेच्या चेनचा.

आता माझा स्वभाव असा, की मला रडू यायच्या आधी राग येतो. मी ह्यांना धरलं. म्हटलं, तुमच्या त्या कागदाचं काय व्हायचं ते होऊ दे, ती बाई निघाली तर परत यायची नाही, एवढं ध्यानात ठेवा. हे ऐकतच नव्हते. कापसानं कुंकू टिपत होते. कुंकू थोडं उचललं गेलं. हळद कसली जाते! कपड्याला लागली तर जन्म जातो, हा तर तीनशे वर्षं तहानलेला कागद. मला म्हणाले, याला आजवर कुणी हात लावला नव्हता. एवढंच तीनदा म्हणाले. मला त्यांचीही दया आली आणि तेवढाच संतापही आला. कधी नव्हे ते चार लोक त्यांची वस्तू बघायला येणार होते, आणि नेमकं हे व्हावं?

मग मी अक्कांच्या खोलीत गेले. त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या, गणिताच्या बाई घालतील तशाच, कडेला कड जुळवून. मी सरळ विचारलं, असं का केलंत? तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला ठाऊक होतं तो जपायचा कागद आहे.

अक्का मान वर न करता बोलायला लागल्या. आमच्याकडे, म्हणजे जुन्या मराठी घरांत, पूर्वी कुणी गेल्याचं कळवायचं तर कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवायचे. वाचायच्या आधीच कळायचं. शुभ कागदाला हळदकुंकू, अशुभाचा कोपरा फाडलेला, हे माझ्या माहेरीही होतंच. ते मी कधीच विसरून गेले होते. अक्का विसरल्या नव्हत्या. त्यांचे वडील नोकरीनिमित्त हुबळीला होते. पोस्टमननं कार्ड आणलं ते सोळा वर्षांच्या अक्कांच्या हातात दिलं. कोपरा नव्हता.

"हा अंगणात गोट्या खेळत होता," अक्का म्हणाल्या. "मी कार्ड पोलक्यात खुपसलं आणि याला आधी जेवायला वाढलं. हे कळलं की आई उठायची नाही, आता हा उपाशी राहील, एवढंच डोक्यात. आज टेबलावर बघते तर तसाच कागद. परवा हा तो हातात घेऊन दार ओलांडणार. मी तसा जाऊ देईन का गं?"

भोकाड पसरायच्या आत तिथून निघावं म्हटलं. मागं वळले तर दारात हे. पंचा तसाच. किती वेळ उभे होते कोण जाणे. अक्कांनी त्यांना पाहिलं, पण घडी मोडली नाही. प्रदर्शन झालं की आपल्याला होसकोट्याला सोडावं, एवढं मात्र सांगितलं. त्याच्या आनंदाच्या दिवसात आपल्याला खो घालायचा नाही, म्हणून रविवारपर्यंत थांबते म्हणाल्या. हे नुसते उभे राहिले आणि निघून गेले. माफी मागायची रीत या घराण्यात चारशे वर्षांत कुणी शिकलेलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

दुपारी फ्रेमवाला आला. बघितलं, जीभ चावली आणि लगेच उपायही सांगितला. काचेखाली नकाशाभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट बसवतात, तिला माउंट म्हणतात. ती जरा रुंद कापली की चारी कोपरे झाकले जातील, हळद नाही, फाटलेलं नाही, कुणाला कळणार नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो. प्रदर्शन निभावलं, आता अक्कांचं बघू.

हे टेबलाशी वाकून बराच वेळ कोपरे बघत राहिले. मग फ्रेमवाल्याला म्हणाले की माउंट कागदाच्या कडेबाहेर ठेवायचं. अख्खा कागद दिसला पाहिजे, चारी कोपऱ्यांसकट. त्यानं माझ्याकडे बघितलं. सरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्या नजरेत होतं. मी म्हटलं, सर म्हणतात तसं करा. मला तेव्हा पुरतं उमगलं नव्हतं, पण ह्यांच्या आवाजात काहीतरी होतं की मला वाद घालावासा वाटला नाही. माझ्या बाबतीत हे फारच झालं.

शनिवार मुक्यानं गेला. अक्कांनी आपल्या औषधांचा डबा बॅगेत भरला. मी तो दोनदा काढून कपाटात ठेवला, त्यांनी दोनदा परत भरला. तिसऱ्यांदा मी हरले.

रविवारी बॅग डिकीत टाकून आम्ही तिघं निघालो. प्रदर्शनातून परस्पर होसकोटे, असं अक्कांनी बजावून ठेवलं होतं. हॉल बऱ्यापैकी भरलेला. दोन्ही भिंतींवर नकाशे, म्हैसूर, मद्रास, कुठली कुठली बेटं, सगळे कसे स्वच्छ आणि गंभीर. आणि त्यांच्यात आमची कोची, चार कोपऱ्यांत पिवळीलाल, मुंडावळ्या बांधून आल्यासारखी. मला लाज वाटली की अभिमान वाटला, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असावं.

अक्का पुढं यायला तयार नव्हत्या. दाराशी खुर्चीवर बसून राहिल्या. मंडळींपैकी एक वयस्कर बाई भिंग घेऊन प्रत्येक नकाशा नाक लावून बघत होत्या. कोचीपाशी येऊन थांबल्या. भिंग खालच्या कोपऱ्यावर, मग फाटलेल्या कोपऱ्यावर. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं की हा रंग नंतरचा दिसतो, कुणी भरला, काही माहिती आहे का. आजूबाजूची दोनचार डोकीही वळली.

हे म्हणाले, "माझ्या अक्कानं. परवा." आणि दाराकडे हात करून अक्कांना दाखवलं. मग कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय आणि हळदकुंकू म्हणजे काय, ते सगळ्यांना सांगितलं. एरवी तासभर बोलणारा माणूस, पण त्या दिवशी पाच वाक्यांत संपवलं. त्या बाईंनी भिंग मिटलं. तडक दाराशी गेल्या, अक्कांचा हात धरून त्यांना नकाशापुढं घेऊन आल्या आणि तिथं कुठं कुठं काय लावलं ते विचारायला लागल्या. अक्का आधी संकोचल्या. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं, आधी हळद, मग कुंकू, का, कसं.

नकाशाखाली पाटी होती. ती ह्यांनी शनिवारी गुपचूप लिहून दिली होती, मलाही पत्ता नव्हता. वर इंग्रजीत, खाली कानडीत आणि हट्टानं त्याखाली मराठीत. अक्कांनी चष्मा चढवून, पेपर तपासावा तशी ओळ न ओळ वाचली. कोचीचा किल्ला. तांब्यावरचं कोरीव काम, कारागीर अज्ञात. रंग: माझी अक्का, महादेवपुरा.

"महादेवपुरा चुकलंय," अक्का म्हणाल्या. "होसकोटे पाहिजे."

"नाही चुकलं," हे म्हणाले.

अक्का पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. मी मुद्दाम दुसऱ्या भिंतीवरचं मद्रास बघायला गेले, कारण माझे डोळे वाहायला लागले होते आणि मी रडताना फार वाईट दिसते.

संध्याकाळी निघालो. होसकोट्याचा रस्ता आमच्या घरावरूनच पुढं जातो. हे गाडी चालवत होते, अक्का त्यांच्या शेजारी, मी मागं. कृष्णराजपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला. आमच्या गल्लीचं वळण जवळ यायला लागलं तसे हे गाडी इतकी हळू चालवायला लागले की मागच्या ऑटोवाल्यानं कानडीत आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तरी ह्यांनी इंडिकेटर लावला नाही. अक्कांकडे बघितलंही नाही. मी मागून अक्कांच्या अंबाड्याकडे बघत बसले होते.

"तम्मा," अक्का म्हणाल्या, "भिंतीवरचे बाकीचे पण उद्या उतरव. त्यांतल्या दोघातिघांचे कोपरे मला ठीक दिसत नाहीत. सगळ्यांनाच लावून टाकते."

दीव, गोवा, नागपट्टण, पाँडिचेरी, मलाक्का! मला आरशात ह्यांचा चेहरा दिसला. रंग उडाला होता. त्यांनी डावीकडचा इंडिकेटर लावला आणि गाडी आमच्या गल्लीत वळवली.

"सरी, अक्का," ते म्हणाले.